शहामृगात हरीण शिरलं कुठून?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत 'बर्ड' आणि 'फाउल' असे दोन शब्द आहेत, मग उर्दूत दोन्हींसाठी 'मुर्ग' चालेल का?

नाही चालणार. उर्दूत पक्षी म्हणजे परिंदा, शायरीत तायर. मुर्ग म्हणजे कोंबडा, आणि ताटात आला की कोंबडीसुद्धा. त्यामुळे 'मुर्ग चिकन मसाला' छापणाऱ्या हॉटेलवाल्यांनी निदान बिल तरी एकाच कोंबडीचं लावावं. कबड्डीतला 'फाउल' निराळा, त्याचं स्पेलिंगही निराळं. तो इथे आणू नका.

मुर्ग मूळचा फारसी. जुन्या फारसी काव्यात तो कुठलाही पक्षी असतो. उर्दूत तो खुराड्यात जाऊन बसला. 'फाउल'चंही तेच झालं. त्याचा जर्मन भाऊ 'फोगेल' आजही सगळ्या पक्ष्यांना पुरतो, इंग्रजी फाउल मात्र कोंबड्या-बदकांपुरता उरला. ('बर्ड'ची चाल उलटी: जुन्या इंग्रजीत तो नुसतं पिल्लू होता.) मौज म्हणजे 'वॉटरफाउल' आणि उर्दूतली 'मुर्गाबी' (आब म्हणजे पाणी) या पाणपक्ष्यांच्या दोन्ही शब्दांत जुना, ऐसपैस अर्थ शाबूत आहे. पाण्यात टिकला म्हणायचा!

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. शहामृग. परवा एका व्याख्यानात 'शहा म्हणजे राजा, मृग म्हणजे हरीण, हरणासारखा धावतो म्हणून शहामृग' असं ठणकावून सांगितलेलं ऐकलं आणि खुर्चीत बसवेना. अहो, पक्षी आहे तो! त्यातला मृग म्हणजे आपला हाच मुर्ग, मराठी जिभेवर येऊन सोवळा झालेला. 'मग शाहमुर्ग, पक्ष्यांचा राजा' अशी दुसरी टूम निघते. मला तीही पटत नाही. ज्याला उडता येत नाही त्याला पक्ष्यांचं राज्य कोण देईल? माझ्या मते हा सरळसरळ 'शुतुरमुर्ग' आहे. शुतुर म्हणजे उंट. फारसी-उर्दूत तो उंटपक्षी, तुर्कीत उंटपक्षी, ग्रीकांनी तर 'चिमणी-उंट' म्हटलं, आणि 1758 मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही त्याच्या नावात 'कॅमेलस', म्हणजे उंटच, ठेवून दिला. सगळ्या जगाला उंट दिसतो आणि फक्त मराठी माणसाला राजा? शुतुर आपल्या ओळखीचा नव्हता, शहा होता; कानाने ओळखीचं तेवढं उचललं. इराणी लोक तर या पक्ष्याची थट्टाच करतात: ओझं उचल म्हटलं की म्हणतो मी पक्षी, उड म्हटलं की म्हणतो मी उंट. कचेऱ्यांत अशी शहामृगं पुष्कळ भेटतात.

पण खरी मेजवानी पुढेच आहे. फारसी मुर्ग आणि संस्कृत मृग हे सख्खे भाऊ आहेत! अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'मरग' म्हणजे पक्षी, वेदात मृग म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. ऋग्वेदात हत्तीलाही 'मृग हस्तिन्', म्हणजे हात असलेलं जनावर, म्हटलंय. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. फारसी कथांतला अद्भुत पक्षी सीमुर्ग हाही मूळचा 'श्येन' (ससाणा) आणि 'मृग' यांचाच इराणी अवतार. 'सी मुर्ग म्हणजे तीस पक्षी' हा सूफी कवींचा सुंदर श्लेष आहे, व्युत्पत्ती नव्हे. म्हणजे मराठी माणसाने मुर्गचा मृग केला तो अडाणीपणाने, पण नकळत हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या भावाच्याच घरी त्याला नेऊन सोडला.

आणि हा मृग पुढे हरणापुरता का आकसला, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: इंग्रजी 'डिअर'कडे बघा. तोही एके काळी कुठलाही प्राणी होता, जर्मन 'टिअर' अजून आहे. शिकारीत जे जनावर मुख्य, त्याने सगळ्यांचं नाव बळकावलं. आपल्याकडे शिकारीला मृगया म्हणतात, यातच सगळं आलं.

बाकी 'डिअर'ला उर्दूत हिरन म्हणा, आहू म्हणा. गझालही म्हणतात, पण तो नेमका कुरंगासारखा सडपातळ. इंग्रजी 'गझेल' त्याच अरबी शब्दावरून आलाय.