पूरक आणि पर्यायी संवाद पहिल्या वर्षाला कसा शिकवावा?

प्रश्न: मी वाचा-भाषा उपचाराच्या पदवी अभ्यासक्रमाला शिकवते. यंदा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पूरक आणि पर्यायी संवादाची, म्हणजेच एएसीची (बोलण्याला जोड म्हणून किंवा त्याऐवजी वापरायच्या संवादमार्गांची), ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तासिका मोजक्या आहेत आणि एक टॅब्लेट सोडला तर आमच्याकडे कोणतेही साधन नाही. विद्यार्थ्यांच्या मनात हा विषय म्हणजे ‘बोलणारी यंत्रे’ असे चित्र आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: यंत्रापासून करू नका, एवढे मी ठामपणे सांगेन. उपकरणांची ओळख करून देण्यात पहिले तास खर्ची पडले, तर ते यंत्र कोणी, कोणाशी आणि कशासाठी वापरायचे हा प्रश्न मागे राहतो आणि विद्यार्थ्यांच्या मनातले ते चित्र आणखी पक्के होते. तुमच्याकडे साधने नाहीत ही अडचण वाटत असली, तरी पहिल्या वर्षापुरते पुठ्ठा, स्केचपेन आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद एवढे साहित्य पुरते.

या संवादमार्गांचे वर्गीकरण थोडक्यात आटोपावे. खुणा, हावभाव आणि नजर यांना शरीराखेरीज कशाचीच गरज लागत नाही. चित्रफलक, संवादवही, अक्षरतक्ता आणि आवाज देणारी उपकरणे ही बाह्य साधने झाली. बहुतेक माणसे यांतले अनेक मार्ग एकाच दिवसात आलटून पालटून वापरतात, आणि ज्यांना थोडेफार बोलता येते त्यांचे ते बोलणेही यात मोडते.

यानंतर लगेच प्रात्यक्षिक घ्या. विद्यार्थ्यांच्या जोड्या करून प्रत्येकीला वीस शब्दांचा फलक तयार करायला सांगा, मात्र त्यावर काय असावे हे सुचवू नका. बहुतेक फलकांवर पाणी, जेवण, शौचालय, दुखते, झोप असे शब्द येतील. मग एकाने तोंडाने न बोलता, फक्त त्या फलकाच्या आधारे, अलीकडे कोणाशी झालेला मतभेद जोडीदाराला समजावून सांगायचा. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येते की या फलकावरून मागता येते, पण नाकारता येत नाही, विचारता येत नाही आणि तक्रार तर मुळीच करता येत नाही. ‘नको’, ‘का’, ‘थांब’, ‘मी’, ‘तू’, ‘वेगळे’, ‘पुन्हा’ हे शब्द कोणाला सुचलेलेच नसतात. गाभ्याच्या शब्दसंग्रहाची संकल्पना येथे सांगावी: आपल्या रोजच्या बोलण्याचा फार मोठा भाग काही शे शब्दांतच पार पडतो आणि त्यांत नामे थोडी, तर सर्वनामे, क्रियापदे, नकार आणि प्रश्नार्थक शब्द अधिक असतात. फलक त्यांना स्वतःच दुरुस्त करू द्या.

याच प्रात्यक्षिकात जोडीदाराच्या वागण्यावरही लक्ष ठेवायला सांगा, कारण माझ्या मते विषयाचा खरा गाभा तेथे आहे. जोडीदार वाक्य अर्ध्यावर तोडतो, अंदाज बांधतो, हो-नाहीचे प्रश्न विचारत सुटतो. सामान्य संभाषणात मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलले जातात, तर साधनाच्या आधारे बोलणाऱ्याचा वेग बहुधा पंधरा शब्दांच्याही खाली असतो. एवढे अंतर असताना थांबणे हे शिकावे लागणारे कौशल्य ठरते. प्रश्न विचारल्यावर घड्याळात पाहून पूर्ण दहा सेकंद गप्प राहायला लावा. ते किती अवघड जाते हे त्यांना स्वतःलाच कळेल. दुसरे कौशल्य म्हणजे स्वतः बोलताना फलकावरच्या चिन्हांवर बोट ठेवत जाणे. बाळाला पहिला शब्द फुटण्यापूर्वी आपण महिनोन् महिने बोलणे ऐकवतो. फलक वापरायला शिकणाऱ्या मुलाने मात्र फलकावरच्या चिन्हांनी बोलणारे बहुधा कोणी पाहिलेलेच नसते, आणि तरीही त्याच्याकडून पहिल्या आठवड्यात उत्तराची अपेक्षा केली जाते.

पारदर्शक कागदाचा उपयोग नजरेच्या चौकटीसाठी होतो. मध्यभागी मोठी खिडकी कापा, कडेने अक्षरांचे गट लिहा आणि गटातले प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात ठेवा; त्या प्रत्येक रंगाचा एक ठिपकाही कडेला वेगवेगळ्या जागी काढा. समोरासमोर बसून चौकट मध्ये धरली की पहिल्या नजरेने गट आणि दुसऱ्या नजरेने रंग, म्हणजेच अक्षर, निवडता येते. प्रत्येकाने या पद्धतीने स्वतःचे नाव लिहून दाखवावे. ज्याला बोट दाखवता येत नाही त्याच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे यातून समजते.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण विद्यार्थ्यांना बहुधा माहीत असते. ते नीट उलगडून सांगा. 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली, तेव्हा ते आधी अक्षरतक्त्यावर भुवई उंचावून अक्षरे निवडत होते. पुढे हातातल्या बटणाने संगणक चालवू लागले आणि हातातली शक्ती गेल्यावर गालाच्या स्नायूच्या हालचालीने. शरीर बदलले तसा मार्ग बदलला, पण अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाल्यावरही त्यांनी जुना यांत्रिक आवाजच ठेवला, कारण तो त्यांची ओळख बनला होता. कोणता आवाज घ्यायचा हा निर्णय वापरणाऱ्याचा असतो, हे येथे आवर्जून सांगावे.

मूल्यमापनासाठी एएसीच्या संशोधक जॅनिस लाइट यांनी 1989 मध्ये मांडलेली चौकट उपयोगी पडेल. भाषेचे ज्ञान, साधन हाताळणे, सामाजिक व्यवहार आणि अडचणीतून वाट काढण्याची युक्ती अशी चार कौशल्ये त्यांनी सांगितली. परीक्षेत आपण बहुतेक वेळा साधन हाताळण्याचेच तेवढे विचारतो.

शक्य असल्यास एएसी वापरणाऱ्या व्यक्तीलाच शिकवायला बोलवा. प्रश्न आधी पाठवा म्हणजे उत्तरे तयार करता येतील, मानधन द्या, आणि सोबत आलेल्या माणसाशी नव्हे तर तिच्याशीच बोलायचे हे विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी बजावून ठेवा. आणखी एक इशारा पहिल्याच वर्षी द्यावा: मदतनीसाने हात धरून अक्षरे टाइप करवून घेण्याची जी पद्धत एके काळी गाजली, तिच्या नियंत्रित चाचण्यांत मजकूर मदतनीसाचाच असल्याचे दिसून आले. शब्द कोणाचे आहेत हे तपासणे ही आपल्या व्यवसायाची जबाबदारी आहे.

प्रश्न: मी याच शाखेची विद्यार्थिनी आहे. निरीक्षणाच्या तासाला एका आईने विचारले, “फलक दिला तर मुलगा बोलायचे सोडून देईल का?” मला उत्तर देता आले नाही. काय सांगायला हवे होते?

उत्तर: ही भीती रास्त आहे, म्हणून ती आधी पूर्ण ऐकून घ्यावी. विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींवरील अभ्यासांचा एक आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सबळ पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचेही बोलणे एएसीमुळे कमी झाले नव्हते आणि 89 टक्के जणांच्या बोलण्यात वाढ दिसली होती. ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत माफक होती, हेही सांगायला हवे. बोलणे येईल असे आश्वासन मात्र कधीही देऊ नका. फलक देण्यासाठी मुलाने आधी अमुक वय किंवा अमुक बुद्ध्यांक गाठायला हवा, असा समज अजूनही ऐकू येतो. तो मागे पडलेला विचार आहे. बोलण्यावरचे उपचार आणि फलक दोन्ही एकाच वेळी सुरू राहू शकतात, हे त्या आईला स्पष्ट सांगा, आणि घरी एखाद्या आवडत्या खेळाच्या वेळी फलकावर बोट ठेवत बोलायचे कसे, ते तिच्या समोर करून दाखवा.