फुकटचे व्हिडिओ बघून सर्जरी शिकता येते का? बघायचे तर कोणते?

'नाही' म्हणून मोकळी झाले असते, पण मी डावखुरी आहे.

रेसिडेन्सीच्या (सर्जरीच्या प्रशिक्षणाच्या) पहिल्या वर्षी आमच्या सरांकडे माझ्यावर एकच इलाज होता: हात बदल. नेहमीचा नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचा चिमटा) उजव्या हातासाठी बनवलेला. उजव्यात अंगठ्याने जरा ढकललं की रॅचेट (पकड आवळून धरणारी दातेरी खिट्टी) सुटतं, डाव्यात तसंच ढकललं की आणखी आवळतं. माझी सुई त्वचेत अर्धी शिरलेली आणि होल्डर सुटेना. "तुझ्यासाठी वेगळी हत्यारं मागवू का?" सर विचारायचे, अख्खं ऑपरेशन थिएटर हसायचं.

एका रात्री ड्यूटी रूममध्ये चार मिनिटांचा व्हिडिओ सापडला. कुठल्याशा दुसऱ्या खंडातला डावखुरा सर्जन. ना चेहरा, ना आवाज, नुसते हात. अंगठ्याने होल्डरची एक कडी आत ओढायची, बोटांनी दुसरी बाहेर ढकलायची. बस्स! पंचवीसेक वेळा मागेपुढे करून पाहिला आणि उशीच्या अभ्र्यावर टाके घालत बसले. आठवड्याने सरांसमोर डाव्या हाताने त्वचा शिवली. ते गप्प. पुढच्या केसला मात्र ऐकवलंच, "व्हिडिओ बघून कोणी सर्जन होत नाही." मान्य आहे सर, पण नुसतं तुमच्याकडे बघूनही मी झाले नसते.

असो. कोणते बघायचे? व्ह्यूज मोजू नका. करणाऱ्याचं नाव आणि संस्था दिलेली असेल तेच बघा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरातल्या इर्काड या सर्जरी प्रशिक्षण संस्थेची वेबसर्ज ही साइट नोंदणी केली की फुकट आहे. लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) बघताना नळीला क्लिप लावायच्या आधी व्हिडिओ थांबवा. कॅलोचा त्रिकोण (पित्ताशयाची नळी आणि यकृत यांमधली जागा) साफ झालाय? पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलाय? पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना (नळी आणि धमनी) दिसतायत? स्ट्रासबर्ग या सर्जनने (माणूस, शहर नव्हे) 1995 मध्ये मांडलेल्या या अटी गाजलेल्या व्हिडिओंतही सगळ्या दिसतीलच असं नाही. दिसल्या नाहीत तर तो व्हिडिओ सोडा.

आणि हो, टिश्यू किती ओढल्यावर फाटतं हे पडद्यावर कळत नाही. रक्त उसळतं तो भाग तर बऱ्याचदा कापूनच टाकलेला असतो. ते कुणाच्या तरी हाताखालीच शिकावं लागतं, तेवढ्यापुरते सर बरोबर.

आता माझ्याकडे डावखुरा रेसिडेंट आला की पहिल्याच दिवशी त्याला ती लिंक जाते. सरांनाही एकदा पाठवली होती. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.