पाणी-प्रश्न: तिकडे बर्फ वाढवतात, मग ब्रह्मगिरीवर पाऊस का नाही?

प्रश्न: अमेरिकेत युटा राज्याने ढगांत रसायन फवारून (आपण ज्याला कृत्रिम पाऊस म्हणतो) डोंगरातला बर्फ वाढवण्यासाठी 2023 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलर एकरकमी आणि शिवाय दरवर्षी 50 लाख डॉलर मंजूर केले, असं वाचलं. तशीच यंत्रं ब्रह्मगिरी-अंजनेरीवर बसवली तर गंगापूर धरण भरणार नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही, आणि याचं कारण पैसा नसून तापमान आहे. तिथल्या हिवाळी ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असतं. फवारलेल्या सिल्व्हर आयोडाइड या रसायनाच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असल्यामुळे असं पाणी त्याच्यावर गोठतं आणि हिमकण होऊन खाली येतं. त्यासाठी ढग उणे 5-6 अंश किंवा त्याहून थंड हवा. रॉकी पर्वतात थंडीत असे ढग उतारालाच टेकलेले असतात. म्हणून डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला यंत्र ठेवून भागतं. यंत्रही साधंच असतं: ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं सिल्व्हर आयोडाइड, प्रोपेनची ज्योत आणि एक नोझल. तासाला काही ग्रॅम रसायन जळतं. बिघाडही नेहमीचेच. नोझल तुंबतं, वाऱ्याने ज्योत विझते. सगळ्यात वाईट म्हणजे थंड हवा दरीत बसली की धूर वर चढतच नाही. यंत्र चालू, रसायन खर्च, ढगाला पत्ताच नाही.

आता नाशिकचा जुलै पाहा. शून्य अंशाची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर आणि ब्रह्मगिरी 1295 मीटर. म्हणजे धुराला आणखी चार किलोमीटरहून जास्त चढायचं, तेही धो धो पावसातून. घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस तर उबदार ढगांचा. थेंबावर थेंब आदळून तो पडतो, बर्फाची गरजच नसते. तिथे सिल्व्हर आयोडाइडला काही कामच उरत नाही. शिवाय तिकडे साठलेला बर्फ उन्हाळ्यात हळूहळू वितळतो, म्हणजे डोंगर हेच धरण. आपल्याकडे पडलेलं पाणी त्याच दिवशी ओढ्याला लागतं.

प्रश्न: मग विमानातून? सिन्नरच्या पूर्व भागात दर दोन-तीन वर्षांनी टँकर लागतात. (सिन्नर)

उत्तर: इथे बोलण्यासारखं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरला प्रयोग केला. सोलापूर सिन्नर-येवल्यासारखंच पर्जन्यछायेतलं. पंखांना लावलेली कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी ढगाच्या तळाशी, वर चढणाऱ्या हवेत जाळायची. हा क्षार ओलावा धरतो, थेंब मोठे होतात. एकूण 276 ढग निवडले. काहींत नळकांडी जाळली, काही मुद्दाम तसेच सोडले, कारण तुलनेला तसे ढग लागतातच. सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी 18 टक्के जादा पाऊस दिसला, काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत. खर्च लिटरला 18 पैसे.

18 पैसे ऐकून खूश होण्याआधी गुणाकार करा. 10 हजार लिटरच्या टँकरएवढं पाणी 1800 रुपयांना पडलं, आणि तेही रानावर, तुमच्या टाकीत नव्हे. 1 टीएमसी म्हणजे 2832 कोटी लिटर, त्याचे सुमारे 510 कोटी रुपये. मुरलेलं आणि बाष्प होऊन गेलेलं वजा करून धरणात किती येईल, हा पुढचा हिशेब. तिकडचंही प्रमाण असंच छोटं आहे. आयडाहो राज्यात जानेवारी 2017 मध्ये फवारणीच्या, रडारने मोजलेल्या तीन प्रसंगांत मिळून साधारण 7 लाख घनमीटर पाणी बर्फरूपाने पडलं, म्हणजे एका टीएमसीचा चाळिसावा भाग. वायोमिंगच्या दीर्घ प्रयोगात वाढ 5 ते 15 टक्के निघाली, पण फक्त योग्य वादळांत, आणि प्रत्येक वादळ योग्य नसतं.

खरी अडचण वेळेची आहे. चांगला वाढता ढग अर्धा-पाऊण तास टिकतो. रडारवर दिसून विमान पोहोचेपर्यंत तो अनेकदा विरलेला असतो. म्हणून धावपट्टी जवळ हवी, वैमानिक तयार हवा आणि हवाई वाहतूक परवानगी आधीच हातात हवी. आपण मात्र पावसाने दडी मारली की जागे होतो. 2019 मध्ये राज्याने 30 कोटी मंजूर केले, विमान उडायला ऑगस्ट उजाडला. दडीच्या दिवसांत कामाचे ढग फारसे नसतात. दिल्लीत ऑक्टोबर 2025 मध्ये तेच झालं: नळकांडी जळली, ढगांत पुरेसा ओलावा नव्हता. पैसे घालायचे तर जूनमध्ये सज्ज राहण्यासाठी घाला. निविदेत पर्जन्यमापकांचं जाळं आणि न फवारलेल्या ढगांची नोंद सक्तीची करा. ‘इतके तास उड्डाण केलं’ एवढ्यावर बिल निघत असेल तर तो पाण्याचा नाही, पेट्रोलचा हिशेब झाला.

प्रश्न: कोलोरॅडो नदीच्या खालच्या राज्यांतल्या पाणीसंस्था वरच्या डोंगरातल्या फवारणीला पैसे देतात म्हणे. जायकवाडीवाल्यांनी आपल्याला द्यावेत का? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: देतात, खरं आहे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडातल्या संस्था तसा वाटा उचलतात. पण इथे समन्यायी वाटप (गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या धरणांत पाण्याची न्याय्य वाटणी) साठ्यावर चालतं. जायकवाडी ठरलेल्या टक्क्यांखाली राहिलं की वरच्या धरणांचा साठा मोजला जातो. दारणा-गंगापुरातलं कुठलं पाणी ढगाचं आणि कुठलं फवारणीचं, हे कोणालाही वेगळं काढता येणार नाही. हिस्सेदारी मागाल तर ऑक्टोबरच्या भांडणात एक कलम वाढेल, इतकंच.

प्रश्न: या रसायनाने पिण्याचं पाणी बिघडेल का? (सातपूर)

उत्तर: सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि वापर ग्रॅममध्ये असतो. सोलापूरच्या पद्धतीत तर मुख्यतः कॅल्शियम क्लोराइड हा क्षारच.

प्रश्न: आमची छाटणी ऑक्टोबरात. तेव्हा विमान उडालं तर डाऊनी (ओलाव्याने द्राक्षावर पडणारा बुरशीचा रोग) कोण निस्तरणार? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर: शंका रास्त आहे. परिणाम ढगाबरोबर वाऱ्याच्या दिशेने सरकतो, आणि पावसाळी पश्चिम वाऱ्यात निफाड नाशिकच्या खालच्या अंगाला येतं. अमेरिकेत बर्फ ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठला किंवा हिमकडे कोसळण्याचा धोका असला की फवारणी थांबवण्याचे लेखी नियम असतात. इथेही करारात तसं कलम लिहून घ्या. पहिली छाटणी सुरू होण्याआधीची शेवटची तारीख आणि धरण किती टक्के भरल्यावर उड्डाण बंद, हे दोन आकडे त्यात हवेत. ते नसतील तर बागायतदार संघाने हरकत नोंदवावी, आणि ती जूनच्या आधी.