वाचकांचे प्रश्न : सगळं आपोआप अपडेट करावं का?

प्रश्न : सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत, त्यातल्या एकावर जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या, डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे. रोज कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर अपडेट मागतं. सगळं आपोआप करणारं टूल टाकू का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : ताई, हिशेबाच्या दोन्ही कॉम्प्युटरना जरूर वापरा. डिझाइनचा मात्र त्यातून वगळा.

‘विंडोज अपडेट चालू आहे, मग झालं की,’ हे मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कायम ऐकतो. विंडोज मुख्यतः स्वतःचं बघतं, क्रोम आणि फायरफॉक्स आपापलं बघतात. मागे राहतात ती विनरारसारखी, म्हणजे एकत्र बांधून आलेल्या झिप फाइली उघडणारी, सॉफ्टवेअर. 2023 साली विनरारमध्ये एक फट सापडली. आलेल्या झिपमधला साधा फोटो उघडायला जावं, तर मागून घातक प्रोग्राम चालू व्हायचा. ऑगस्टमध्ये 6.23 आवृत्तीनं ती बुजवली, पण विनरार आपणहून अपडेट होत नाही. व्यापाऱ्यांचे नमुने तुमच्याकडे झिपमधूनच येत असणार, तेव्हा आधी तिथे आवृत्ती बघा.

टूल विकत घ्यायला नको. मायक्रोसॉफ्टचं विंगेट हे सॉफ्टवेअर अपडेट करणारं टूल 2021 पासून फुकट आहे, विंडोज 11 मध्ये ते असतंच. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा आणि इंग्रजीत ‘विंगेट अपग्रेड’ टाइप करा. एवढ्यानं काहीच बदलत नाही, नुसती यादी येते : सॉफ्टवेअरचं नाव, आत्ताची आवृत्ती, नवी आवृत्ती. ती वाचा, मगच पुढचं. नाइनाइट नावाचं असंच दुसरं टूल वापरायला आणखी सोपं आहे, पण ते फुकट फक्त घरगुती वापराला.

आता डिझाइनचा कॉम्प्युटर. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल मागावरच्या जुन्या कंट्रोलरनं वाचली नाही, तर माग उभा आणि कामगाराची मजुरी बुडाली. तिथे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय आणि सगळी डिझाइनं पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय अपडेटला हात लावू देऊ नका. विंगेटमध्ये एखादं सॉफ्टवेअर ‘पिन’ करता येतं, मग ‘सगळं अपडेट कर’ म्हटलं तरी ते सोडून पुढे जातं.

आणि ब्राउझरमध्ये एखादं पान ‘तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, इथे दाबा’ म्हणत असेल, तर दाबू नका. टॅब बंद करा, आणि ऑफिसातल्या पोरांनाही हे आजच सांगा.