इनबोर्ड डिझेल इंजिनाला फ्युएल फ्लो मीटर बसवताना एक सेन्सर पुरतो का?

तुमचा प्रश्न असा: बोटीत साधारण 100 हॉर्सपॉवरचं इनबोर्ड डिझेल इंजिन आहे, ताशी किती डिझेल जातं ते बघायला फ्लो मीटर लावायचाय, विकणारा म्हणतो एकच सेन्सर पुरे, आणि हे काम घरच्या घरी जमेल का?

जमेल. पाने फिरवायची सवय असेल तर एका दिवसाचं काम आहे. विकणाऱ्याचं मात्र ऐकू नका.

एक सेन्सर कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल इंजिनाला पुरतो. तिथे टाकीतून निघालं ते सहसा परत येत नाही, गेलं ते जळलं. डिझेलचा हिशेब वेगळा. इथे पंप गरजेपेक्षा कितीतरी जास्त डिझेल उचलतो. त्यातलं थोडं जळतं, उरलेलं पंपाला आणि इंजेक्टरांना थंडावा नि वंगण देत रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. म्हणून एक सेन्सर जाणाऱ्या लाइनवर, एक परतीच्या लाइनवर, आणि दोघांची वजाबाकी म्हणजे तुमचा खप.

सगळी गोम या वजाबाकीत आहे. समजा ताशी 100 लिटर गेलं, 85 परत आलं, खप 15. आता पहिला सेन्सर फक्त 1 टक्का जास्त वाचतोय आणि दुसरा 1 टक्का कमी. म्हणजे 101 वजा 84.15, खप 16.85. सेन्सर चुकला एक टक्का, खप चुकला बारा टक्के. डब्यावर छापलेली अचूकता वाचून खूश होणाऱ्यांना मी हेच गणित करून दाखवतो.

त्यात परतीचं डिझेल गरम असतं. डिझेल दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.08 टक्के फुगतं. जाताना आणि येताना 30 अंशांचा फरक असेल तर अडीच टक्के. ते 85 लिटर सेन्सरला 87 दिसतात, आणि खप 15 चा 13 होतो. बोट अचानक काटकसरी झाल्यासारखी वाटते! म्हणून तापमानाची दुरुस्ती करणारे जोडीचे सेन्सर मिळत असतील तर तेच घ्या. नसतील तर परतीचा सेन्सर इंजिनापासून लांब, टाकीच्या जवळ लावा. फ्युएल कूलर असेल तर त्यातून डिझेल थंड होऊन बाहेर पडतं तिथे.

पण थांबा, आधी इंजिन कुठलं आहे ते बघा. कॉमन रेल, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं असेल तर खप इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, आधीच माहीत असतो, कारण इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे तोच ठरवतो. तो आकडा जे1939 या इंजिनाच्या डेटाच्या तारेवर येतो आणि गेटवे (दोन नेटवर्कमधला दुभाषी) लावून एनएमईए 2000 या बोटीतल्या उपकरणांच्या नेटवर्कवर, म्हणजे तुमच्या चार्टप्लॉटरवर (नकाशाच्या स्क्रीनवर), दाखवता येतो. तिथे एक केबल आणि एक गेटवे, डिझेलच्या लाइनला हातसुद्धा लावायला नको. अशा इंजिनावर दोन सेन्सर लावणं म्हणजे हातात घड्याळ असताना दुसऱ्याला वेळ विचारणं.

जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन असेल तर खरेदीच्या आधी एक सोपी चाचणी करा. गिअर न्यूट्रलमध्ये, बोट नीट बांधलेली. रिटर्नचा होज टाकीकडच्या टोकाला काढून स्वच्छ कॅनमध्ये सोडा, नेहमी बोट चालवता त्या आरपीएमला इंजिन आणा आणि घड्याळ लावून एक मिनिट भरू द्या. 1.4 लिटर आलं तर ताशी 84 लिटर परत जातंय. लोड नसल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा जरा जास्त येईल, पण सेन्सरची रेंज ठरवायला चालतं. काही लहान इंजिनांत इंजेक्टरच्या गळतीचं जेमतेम चमचाभर डिझेल येतं. तेवढ्याशा प्रवाहाने सेन्सरमधलं टर्बाइन, म्हणजे प्रवाहाने फिरणारं छोटं चक्र, फिरणारच नाही. तिथे एक सेन्सर लावून चमचाभराची वजावट केलेली बरी. विकणारा अशा इंजिनाबद्दल बोलत असेल तर त्याला माफ. (ही चाचणी फक्त डिझेलवर. पेट्रोलवर चुकूनही नको.)

आता बसवण्याबद्दल. जाणारा सेन्सर प्रायमरी फिल्टर आणि वॉटर सेपरेटरच्या नंतर, फीड पंपाच्या आधी. फिल्टरच्या आधी लावला तर एका कचऱ्याने टर्बाइन अडतं. पंपाच्या आधीची बाजू ओढीची असते, तिथला जॉइंट जरा जरी ढिला असला तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. लीक दिसत नाही, इंजिन मात्र धापा टाकतं. शिवाय डायफ्रामचा पंप डिझेल झटक्याझटक्याने ओढतो, टर्बाइन पुढेमागे हलतं आणि नसलेले पल्स (टर्बाइन फिरताना सेन्सर पाठवतो ते सिग्नल) मोजले जातात. सेन्सर आणि पंप यांच्यात जरा लांब होज ठेवा, किंवा पल्सेशन डॅम्पर, म्हणजे हे झटके शोषणारा भाग, लावा.

परतीच्या लाइनवर मुद्दाम व्हॉल्व्ह किंवा फिल्टर घालू नका. मागे दाब वाढला की इंजेक्शन बिघडतं. ओढीला आणि परतीच्या दाबाला किती मर्यादा आहे ते इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सेन्सरची अडवणूक त्यात बसते का ते आधी तपासा.

माझा पहिला प्रताप सांगतो. परतीचा सेन्सर मी इंजिनाला लागूनच, होजच्या सगळ्यात उंच वळणावर आडवा ठोकला, कारण तिथे ब्रॅकेटला आयतं भोक होतं. गरम डिझेलातले बुडबुडे बरोबर तिथेच जमायचे आणि टर्बाइन भन्नाट फिरायचं. स्लोवर इंजिन ठेवलं की डिस्प्ले ताशी उणे 1.5 लिटर दाखवायचा. इंजिन डिझेल तयार करतंय म्हणून दोन दिवस चेष्टा झाली. सेन्सर खाली आणला, प्रवाह खालून वर जाईल असा उभा केला, तेव्हा गाडी रुळावर आली. बाण उलटा लागत नाही ना, तेही बघा.

फिटिंगला टेफ्लॉन टेप नको. तिचे धागे सुटून थेट सेन्सरमध्ये जातात, इंधनाला चालणारी पेस्ट वापरा. आणि आटे तपासा, ते बीएसपी आणि एनपीटी अशा दोन मापांचे येतात: पाव इंची बीएसपीला इंचात 19, एनपीटीला 18. एकात दुसरा दोन फेरे गोडीत जातो, मग अडतो, आणि तुम्ही पान्याला जोर देता तिथे बॉडी तडकते. होज आयएसओ 7840 चा, आगीला टिकणारा. सेन्सरची वायर अल्टरनेटरच्या जाड केबलला बांधू नका. सगळं जोडून झालं की लाइनमधली हवा नीट काढा.

इंजिन पेट्रोलचं असेल तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साठलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. तिथे इग्निशन प्रोटेक्टेड, म्हणजे वाफ पेटू न देणारा, सेन्सरच हवा, आणि ते काम मी जाणकाराला द्यायला सांगेन.

कॅलिब्रेशनची एक युक्ती. परतीचा सेन्सर त्याच्या जागी लावण्याआधी दोन्ही एकामागे एक जाणाऱ्या लाइनवर जोडा आणि अर्धा तास इंजिन चालवा. तेच डिझेल दोघांतून जातंय, तेव्हा आकडेही तेच यायला हवेत. फरक आला तर दुसऱ्याचे लिटरमागचे पल्स बदलून पहिल्याशी जुळवा, मग त्याला परतीवर न्या. नंतर टाकी खुणेपर्यंत भरा, निदान अर्धी जाळा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. दहा लिटर जाळून हिशेब करू नका, भरतानाच दोन लिटर इकडेतिकडे होतात. मीटर म्हणाला 92 आणि भरलं 100, तर दोन्ही सेन्सरचे लिटरमागचे पल्स 0.92 ने गुणा.

आकडा पटतोय का हे बघायला ढोबळ माप: डिझेल इंजिन पूर्ण लोडला दर किलोवॉटमागे ताशी पाव लिटरच्या आसपास पितं. तुमचे 100 हॉर्सपॉवर म्हणजे 75 किलोवॉट, म्हणजे फुल थ्रॉटलला ताशी 19-20 लिटर. मीटर 12 दाखवत असेल तर मीटरवर संशय घ्या. कॅनच्या चाचणीत किती आलं ते कळवा, मग सेन्सरची रेंज सांगतो.