गृहीतक म्हणजे अंदाज नव्हे

नागपूरच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अणुवीज प्रकल्पाचा आराखडा आणि खर्च अभ्यासताना जागा कशी असेल हे आधी ठरवून घेतात. त्याला ‘जागेविषयीचे प्रमाणित अंदाज’ म्हणावं का?

मुळीच नाही. ‘स्थळविषयक प्रमाण गृहीतके’ म्हणा. आणि ‘ही’ दीर्घच लिहा; ‘गृहितक’ रोज छापून येतं आणि रोज डोळ्यांत खुपतं. ‘मला गृहीत धरू नका’ मधला अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू.

गृहीतक आधी ठरतं, अंदाज शेवटी निघतो. नदीचं पाणी किती अंशांचं, खडक किती खोल, भूकंपाचा धक्का केवढा धरायचा, ही गृहीतके. त्यांवरून निघालेला खर्चाचा आकडा हा अंदाज. अमेरिकेत अशा अभ्यासांसाठी ‘मिडलटाउन’ नावाचं ठिकाणच कल्पून ठेवलं होतं, नॉर्थ रिव्हर या नदीसकट. निरनिराळ्या अणुभट्ट्या कागदावर तिथेच उभ्या करायच्या, म्हणजे खर्चात दिसणारा फरक भट्टीचा असतो, जागेचा नव्हे. जागेने केवढा फरक पडतो पाहा: आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. थंड करायला येणारं पाणीच कोमट असलं की वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधली निर्वात पोकळी नीट टिकत नाही आणि तीच टर्बाइन कमी वीज देते. त्यात पायाखाली फुगणारी-आकसणारी काळी माती. एका भट्टीला कोकणचा किनारा आणि दुसरीला विदर्भ दिला तर तुलना कसली करणार?

काही शुद्धलेखनपंडित ‘गृहीत धरणे’ला द्विरुक्ती म्हणतात, कारण ‘ग्रह्’ म्हणजेही धरणं. त्यांना या शब्दाचं मर्मच कळलेलं नाही. घेणं ही एक क्रिया, घेतलेलं न सोडणं ही दुसरी. पाण्याचं तापमान एकदा घेतलं की शेवटच्या आकडेमोडीपर्यंत तेच धरून ठेवायचं. मराठीने दोन्ही क्रिया दोन शब्दांत पकडल्या आहेत.

आता ‘अंदाज’. याचं मूळ फारसी ‘अंदाख्तन’, म्हणजे फेकणं. तीर फेकणारा तिरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. नागपूरकर भोसल्यांच्या तोफखान्यात होते ते हेच. माझं मत असं की तोफेवरच्या माणसाला गोळा कुठवर जाईल हे डागण्याआधीच मनात मोजावं लागतं, आणि फेकणं व मोजणं तिथेच एक होतात. जुन्या फारसीत या क्रियापदाला मोजण्याचा, योजण्याचा अर्थही होताच. त्यातूनच ‘अंदाजा’ म्हणजे माप, आणि तोच शब्द अरबीत जाऊन ‘हंदसा’ झाला: भूमिती. ‘मुहंदिस’ म्हणजे इंजिनिअर!

इथे हटकून कोणीतरी सांगतं की ‘हंदसा’ हा ‘हिंद’वरून आला, कारण अंक आपण जगाला दिले. अंक दिले हे खरं, पण हा शब्द दिला नाही. खुद्द अरबी कोशकारांनी तो फारसीतून आल्याचं नोंदवून ठेवलंय, आणि ‘ज’चा ‘स’ का झाला हेही: मूळ अरबी शब्दात ‘द’नंतर हा ‘ज’ (इंग्रजी z सारखा) येत नाही. इतकं नेमकं कारण समोर असताना ‘हिंद’चा हट्ट धरण्याला काही आधार नाही.