टेक्सासात मचाणावरून हरणं मारली आहेत, आता कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचंय. काय बदलावं?

सगळ्यात आधी पाय आणि फुप्फुसं. तिथलं डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या उंचीवर आहे, आणि एल्क त्याच्याही बऱ्याच वर, नऊ-दहा हजार फुटांवर भेटतो. दोन दिवस आधी पोहोचा, भरपूर पाणी प्या. डोकं दुखून मळमळायला लागलं तर हट्ट न करता खाली उतरा.

तिथे मचाणावर बसून वाट पाहण्यापेक्षा चालणं जास्त. समोरच्या उतारावर दुर्बीण लावून तास-तास बसायचं, मग वारा बघून जवळ जायचं. डोंगरात पहाटे गार हवा खाली वाहते, ऊन चढलं की वर. हे विसरलात तर तुमचा वास तुमच्याआधी पोहोचतो.

खरी परीक्षा मात्र गोळी झाडल्यानंतर. नर एल्क ३०० किलोच्या पुढे असतो. जागेवरच तुकडे करून पाठीवर चार-पाच खेपा. म्हणून गाडीपासून सहा मैलांवर गोळी झाडण्याआधी परतीचा हिशोब करा. (माझं मत: पहिल्या वर्षी एकट्याने जाऊच नका.)

१ जानेवारी १९४९ किंवा नंतरचा जन्म असेल तर शिकारी-प्रशिक्षणाचं कार्ड लागतं; टेक्सासचं चालतं. परवान्याचे नियम दरवर्षी बदलतात, तेवढे ताजे वाचा.